शिक्का, मोर्तब आणि तोतया

दिवाळी आली की पत्रे वाढतात, हा नियम पोस्टकार्डाच्या काळात होता आणि आजही आहे. फरक इतकाच की पूर्वी पत्रे आणणारा पोस्टमन दिवाळीची पोस्त मागायला येई. आता पत्रेच पोस्त मागतात. कोणी लिहितो, तुमचे बँकखाते आज रात्री बंद होणार. कोणी लिहितो, विजेचे बिल थकले आहे, नऊ वाजता तार तोडू. कोणी म्हणतो, तुमच्या नावाचे पार्सल अडकले आहे, ते सोडवायला फक्त पंचवीस रुपये भरा. या सर्वांच्या माथ्यावर मोठमोठ्या संस्थांची नावे असतात आणि भाषा अशी करारी असते की सज्जन माणसाचा हात आपोआप खिशाकडे जावा.

एरवी या सदरात मी शब्दांविषयी बोलतो. आजही बोलणार आहे ते शब्दांविषयीच. पण एका अशा शब्दाविषयी, की जो प्रत्येक पत्रावर असतो आणि ज्याच्याकडे आपण सर्वांत कमी पाहतो. तो म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव.

नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा शिरूरकरांना कोणी शिकवावे लागत नाही. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. म्हणून आमच्याकडची जुनी मंडळी पत्त्यात नुसते ‘शिरूर’ न लिहिता ‘शिरूर घोडनदी’ असे लिहीत. नदीचे नाव जोडले म्हणजे पत्र भलत्या जिल्ह्यात जाण्याचे भय नाही. दौंडची तऱ्हा निराळी. इंग्रजांच्या रेल्वेने या गावाचे नाव आपल्या लिपीत असे काही लिहिले की परका माणूस ते ‘धोंड’ असे वाचू लागला. गाव एकच, पण अक्षर बदलले की नवखा उतारू गोंधळला. ई-मेलमधल्या निम्म्या फसवणुकी या दोन प्रकारांत बसतात. एकात नाव तेच, पण पत्ता भलता. दुसऱ्यात पत्ता जवळजवळ तोच, फक्त एक अक्षर इकडचे तिकडे.

उरलेला तिसरा प्रकार सर्वांत जुना आणि सर्वांत धीट. त्यात नावही खरे असते आणि पत्ताही अक्षरश: खरा असतो, फक्त पत्र त्या माणसाने लिहिलेले नसते. हे कसे शक्य होते, ते समजण्यासाठी पाकीट आणि पत्र यांतला भेद लक्षात घ्यावा लागतो. आपण साध्या टपालाने पत्र पाठवतो तेव्हा पाकिटाच्या पाठीवर आपला पत्ता लिहितो आणि आत पत्राच्या माथ्यावरही लिहितो. हे दोन पत्ते जुळतात की नाही, हे पोस्टमन पाहत नाही. त्याला पाकीट उघडण्याचा अधिकारच नाही. ई-मेललाही असेच पाकीट असते. ते यंत्रे एकमेकांना दाखवतात आणि पत्र पोचले की फेकून दिल्यासारखे होते. आपल्याला पडद्यावर दिसतो तो आतल्या कागदावरचा मजकूर. तिथे ‘प्रेषक’ म्हणून कोणी काहीही लिहावे! मी तिथे सरन्यायाधीशांचे नाव लिहिले तरी मुळात त्या व्यवस्थेत माझा हात धरणारे कोणी नव्हते.

असे दार उघडे ठेवणारे लोक मूर्ख नव्हते. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिले ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पाठवले. पत्रांची ने-आण कशी करायची याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले आणि त्या नियमांचा सांगाडा आजही वापरात आहे. त्या वेळी त्या जाळ्यात यंत्रे होती काही शे, आणि ती विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत होती. सगळे एकमेकांना ओळखत. वाडीवस्तीवर दाराला कडी नसते, तसे ते होते. पुढे वाडीचे शहर झाले, शहराचे जग झाले, आणि कडी बसवायची राहून गेली.

हे दुखणे मात्र यंत्राने जन्माला घातलेले नाही. आपल्या पुण्याच्या इतिहासात त्याचे दोन ठळक दाखले आहेत आणि ते दोन्ही तीन वर्षांच्या अंतरात घडलेले आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना धरावे, असे रघुनाथरावांचे पत्र होते आणि त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला, ही परंपरेने चालत आलेली कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते अक्षर आनंदीबाईंनीच बदलले की काय, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. पण कथेतला धोका खरा आहे: पत्र पाठवणारा खरा, आणि वाटेत मजकूर बदललेला.

दुसरा दाखला १७७६ सालचा. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. परंतु भाऊ जिवंत आहेत, अशी आशा लोकांच्या मनात रेंगाळत राहिली. त्या आशेवर एक तोतया उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीला कैदेत ठेवले होते. तिथून तो सुटला आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या नावाने उघडू लागले. शेवटी पेशव्यांच्या सरदारांनी त्याचा मोड केला आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. किल्लेदारांनी दार उघडले ते कशासाठी? तो दिसायला भाऊंसारखा होता म्हणून, असे म्हणता येईल. पण त्याहून मोठे कारण असे की, भाऊ परत यावेत असे अनेकांना मनातून वाटत होते. तोतयाला पहिले बळ मिळते ते आपल्या आशेचे, नाही तर आपल्या भीतीचे. बक्षीस लागल्याचे पत्र आशेवर जगते आणि वीज तोडण्याचे पत्र भीतीवर.

या दोन्ही धोक्यांवर आपल्या जुन्या दफ्तरांत उपाय होता. तो आजही आपल्या बोलण्यात आहे, पण त्यातला अर्थ आपण विसरलो आहोत. ‘शिक्कामोर्तब’ हा एक शब्द नव्हे, दोन आहेत. शिक्का पत्राच्या माथ्यावर. तो सांगे, हे पत्र कोणाचे. मोर्तब पत्राच्या शेवटी, मजकूर जिथे संपला तिथे. ती सांगे, मर्यादा इथे झाली. याच्यापुढे एखादे अक्षर दिसले तर ते आमचे नव्हे. एक मुद्रा माणसाची ओळख राखी, दुसरी मजकुराची हद्द राखी. तोतयावर शिक्का आणि ‘ध’च्या ‘मा’वर मोर्तब, असे म्हटले तरी चालेल.

गेल्या वीस-बावीस वर्षांत संगणकवाल्यांनी ई-मेलसाठी जी व्यवस्था उभी केली, ती मी आमच्या संगणक विभागातल्या सहकाऱ्याकडून समजून घेतली, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. त्यांनी नकळत आपले जुने दफ्तरच पुन्हा मांडले आहे. व्यवस्थेचे भाग तीन. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी आहेत. ती वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही.

पहिला भाग म्हणजे सातबारा. जमीन कोणाची, हे सातबाऱ्यावर कोणालाही पाहता येते. त्याप्रमाणे प्रत्येक संस्थेने इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत लिहून ठेवायचे की, आमच्या नावाने पत्रे रवाना करण्याचा हक्क अमुक अमुक यंत्रांनाच आहे. पत्र आले की घेणारे यंत्र ही नोंद काढून पाहते. यादीबाहेरच्या यंत्राने आणलेले पाकीट संशयास्पद ठरते. यात एक उणीव आहे. ही तपासणी पाकिटावरच्या पत्त्याची होते, आतल्या कागदाची नव्हे. शिवाय तुमचे पत्र मी जसेच्या तसे पुढे तिसऱ्याकडे वळते केले, तर ते माझ्या यंत्रावरून गेल्यामुळे खरे असूनही खोटे दिसू शकते.

दुसरा भाग म्हणजे मोर्तब. पाठवणारी संस्था पत्राच्या मजकुरावरून गणिताने एक मुद्रा तयार करते आणि पत्राला जोडते. मुद्रा उठवण्याचा ठसा संस्थेच्या कुलुपात असतो; पण ती खरी की खोटी हे ताडून पाहण्याचे साधन त्याच सार्वजनिक नोंदवहीत सर्वांसाठी ठेवलेले असते. म्हणजे पारखणे सर्वांना शक्य, बनवणे फक्त मालकाला. मुद्रेच्या हद्दीतले एक अक्षर वाटेत बदलले, तरी हिशेब जुळत नाही. शनिवारवाड्यात अशी सोय असती तर ‘मा’ जागच्या जागी पकडला गेला असता.

तिसरा भाग म्हणजे देवडीवरच्या पहारेकऱ्याला दिलेला हुकूम. तो २०१२ साली पुढे आला आणि २०१५ साली रीतसर छापला गेला. पहारेकऱ्याने दोन गोष्टी पाहायच्या. वाचणाऱ्याला आतल्या कागदावर जो पत्ता दिसतो, तो पाकिटाशी किंवा मोर्तबेशी जुळतो का? आणि जुळत नसेल तर काय करायचे? हुकूम तीन प्रकारचे असतात: काही करू नका, नुसते आम्हाला कळवा; पत्र बाजूला ठेवा; दारातूनच परत लावा. कितीतरी संस्था पहिला हुकूम लिहून निवांत होतात. त्यांचा पहारेकरी चोराचे नाव वहीत टिपतो, वेळ लिहितो, आणि मग त्याला आत सोडतो!

पुष्कळ वर्षे ही सारी व्यवस्था ऐच्छिक होती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. गूगलने दिवसाला पाच हजार पत्रांची मर्यादा ठरवली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना सांगितले की, आपला इंटरनेटवरचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ या आवारात न्या, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्या आवारात बँकेखेरीज कोणाला घर मिळत नाही. ‘शिरूर’पुढे ‘घोडनदी’ लिहिण्याचाच हा प्रकार!

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, हे कारकुनी काम आहे. मोठमोठ्या बँकांनी करावे, आपल्याला काय त्याचे? त्यांच्यासाठी एक हकिगत सांगतो.

दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावातली माझी एक विद्यार्थिनी एम.ए. झाली. घरात ऊस थोडा आणि कर्ज त्याहून अधिक. कॉलेजात जाणारी घरातली ती पहिलीच. तिने एका संस्थेत जागेसाठी अर्ज केला होता. महिनाभर ती रोज सकाळी ई-मेल उघडून पाही. मुलाखतीचे बोलावणे आले. पण ते आले ‘स्पॅम’ नावाच्या उकिरड्यात, लॉटरीवाल्यांच्या आणि वजन घटवणाऱ्यांच्या रांगेत. तिला ते दिसले तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस उलटले होते. ती शिरूरला माझ्याकडे आली, ती रागावून नव्हे. आपले काय चुकले, हे विचारायला आली होती.

आमच्या सहकाऱ्याने त्या पत्राची मूळ नोंद उघडून पाहिली. संस्थेने आपले टपाल नव्या कंपनीकडे सोपवले होते. पण सार्वजनिक नोंदवहीत त्या कंपनीचे नाव घालायचे राहिले होते. मोर्तबही नव्हती. पहारेकऱ्याच्या दृष्टीने ते पत्र तोतयाचेच होते. मुलीने संस्थेला कळवले. उत्तर आले, ‘आम्ही पत्र वेळेत पाठवले होते.’ ते खरेही होते. जागा भरली गेली होती. आज ती दौंडमध्ये एका खाजगी शिकवणीत मराठी शिकवते आणि रोज सकाळी उकिरडा चाळते. दोन ओळींची एक नोंद कोणी केली नाही म्हणून एका हुशार मुलीला आपले भवितव्य कचऱ्यात शोधावे लागते, ही गोष्ट मला चोरीपेक्षा लहान वाटत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या कार्यालयात दुसरी गोष्ट घडली. तिथल्या वयस्क कारकुनांना प्राचार्यांच्या नावाने पत्र आले: ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका. ताबडतोब पाच गिफ्ट कार्डे घ्या आणि त्यांचे क्रमांक मला पाठवा.’ हे पत्र उकिरड्यात गेले नाही. ते राजरोस दिवाणखान्यात येऊन बसले. कारण पाठवणाऱ्याने प्राचार्यांचा पत्ता चोरलाच नव्हता. त्याने स्वत:चे फुकटचे खाते उघडले आणि त्याला प्राचार्यांचे नाव दिले. सातबारा त्याच्याच खात्याचा, मोर्तब खरी, सगळे कागद बिनचूक. खोटे होते ते फक्त नाव.

कारकून वाचले ते मायन्यामुळे. पत्राची सुरुवात होती ‘डिअर’ अशी. आमचे प्राचार्य गेली बारा वर्षे त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणतात. रागावले तरी ‘भाऊसाहेब’च म्हणतात. भाऊसाहेब उठले, वीस पावले चालून प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि विचारून आले. मराठीचा मास्तर म्हणून मला त्या दिवशी मायन्याचा फार अभिमान वाटला. पण त्यावर विसंबता येत नाही. पूर्वी लबाडांची मराठी इतकी अशुद्ध असे की शुद्धलेखनाच्या दोन चुकांवरून तोतया ओळखावा. आता यंत्रे बिनचूक मराठी लिहून देतात. माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा त्यांची ऱ्हस्व-दीर्घे बरी असतात, हे मी दु:खाने नमूद करतो.

असे चालत जाऊन विचारणे मोठ्यांनाही महाग वाटू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एका अधिकाऱ्याला अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर संदेश आला की, अमुक खात्यांत रक्कम भरा. एक कोटी एक लाखाहून अधिक रुपये भरले गेले. संदेश पूनावाला यांचा नव्हताच. तिथे माध्यम निराळे होते, मात्र युक्ती आमच्या कार्यालयातलीच.

म्हणजे यंत्राचा पहारा एक गोष्ट सांगू शकतो: हे पत्र खरोखर या पत्त्यावरून आले. त्या पत्त्यावर कोण राहतो आणि त्याच्या मनात काय आहे, हे तो सांगत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे संस्थांचे कर्तव्य आहे. दुसऱ्याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागते. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग पुरवणारे अनेक लहान कारखानदार आहेत. ‘आमचे बँकखाते बदलले आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरा’ असे पत्र आले, तर त्यांनी त्या पत्रातल्या क्रमांकावर फोन करू नये. आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर करावा. एवढ्या एका सवयीने लाखांचा तोटा टळतो.

घरच्या मंडळींनाही थोडे करता येते. नावावर बोट ठेवून खालचा पूर्ण पत्ता वाचावा. जीमेल संगणकावर उघडले असेल तर पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमागे ‘शो ओरिजिनल’ अशी सोय आहे. तिथे वर सांगितलेल्या तिन्ही तपासण्यांचा निकाल परीक्षेच्या निकालासारखा ‘पास’ किंवा ‘फेल’ असा लिहिलेला असतो. मोबाइलवर येणाऱ्या कंपन्यांच्या लघुसंदेशांतही २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षर असते: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचे म्हणून आलेल्या संदेशापुढे जाहिरातीचे अक्षर असेल, तर समजून जावे. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी कळवले तर ती अडवता येते. संगणकाच्या साह्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. लाज वाटायची ती सोंग घेणाऱ्याला.

आणि ज्यांच्या हाती संस्था आहेत, शाळा आहेत, पतपेढ्या आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या नावाची नोंद नोंदवहीत आहे का, मोर्तब उमटते का, आणि पहारेकऱ्याला खरा हुकूम दिला आहे की नुसते टिपत बसायला सांगितले आहे, एवढे आपल्या संगणकवाल्याला विचारा. जाणत्याला हे एका दुपारचे काम आहे. आधी नोंद नीट करावी, खरी पत्रे अडत नाहीत याची खात्री करावी, आणि मगच दार कडक करावे. घाईने कडी घातली तर आपलीच माणसे बाहेर राहतात.

लक्ष्मीपूजनाला आपण दारे उघडी ठेवतो आणि उंबऱ्याशी दिवा लावतो. येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून तो असतोच. येणाऱ्याचे तोंड आपल्याला दिसावे, हाही त्याचा उपयोग आहे. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. त्या माझ्याच आहेत, याबद्दल शंका असल्यास फोन करून विचारावे. मात्र माझा क्रमांक आपल्या जुन्या वहीतून घ्यावा.